समोर मोकळं

आमचे सर गाडी चालू करायच्या आधी उलटे आकडे मोजायचे, तेही हिंदीत. दस, नौ, आठ, सात असं करत शून्यावर आले की किल्ली फिरवायची. पहिल्या फेरीत गाडी चालू झाली नाही तर पुन्हा दसपासून सुरुवात. थंडीत कधी कधी चार-चार वेळा मोजणी व्हायची आणि तिकडं शाळेत प्रार्थना होऊन जायची. हिंदीतच का, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं की अवकाशवीरांची चित्रकथांची पुस्तकं त्यांच्या लहानपणी मानवतच्या बसस्टँडवर हिंदीतच मिळायची, त्यामुळं यान सुटताना दुसऱ्या भाषेत मोजलेलं त्यांनी कधी ऐकलंच नाही. मराठीत मोजलं तर बैलगाडी जुंपल्यासारखं वाटतं म्हणाले.

मी तेव्हा बदली होऊन नुकतीच आले होते. आम्ही चौघं मानवतला राहायचो आणि वालूरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेवर रोज जाऊन येऊन करायचो. ह्याला आमच्याकडं अप-डाउन म्हणतात, आणि कितीतरी मास्तरांची जिंदगी त्यातच सरते. गाडी सरांची, जुनी पांढरी व्हॅन. मागं गणिताचे सर आणि मराठीच्या बाई, पुढं सरांच्या शेजारी मी. मागं बसलं की मला मळमळतं, म्हणून पुढची सीट मला मिळाली. एवढ्याशा कारणानं माणूस कुठं जाऊन बसतो बघा.

सरांच्या लेखी ती व्हॅन नव्हतीच. ते यान होतं, आणि यानात प्रत्येकाला हुद्दा होता. गणिताचे सर बसल्या बसल्या झोपायचे, तरी त्यांना 'संगणक' म्हटलं जायचं. मराठीच्या बाईंजवळ चौघांच्या डब्यांची पिशवी असायची, म्हणून त्या 'कोठार'. बाईंना ते आवडलं नाही. अहो, लोक ऐकतात, कोठार काय म्हणता, असं त्या एकदा बोलल्या. सर दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना बढती देऊन 'रसद अधिकारी' केलं, तेव्हा कुठं बाईंची कळी खुलली. मी पुढं बसायचे, समोरचा रस्ता बघायचे, म्हणून मी 'रडार'. आणि ते स्वतः अर्थातच कप्तान. छप्पन्न वर्षांचा, विज्ञान शिकवणारा, साखरेच्या आजारावरच्या गोळ्या खाणारा, पांढऱ्या शर्टाच्या खिशात खडू ठेवणारा कप्तान.

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का हे तीनदा बघून मी घराबाहेर पडते आणि कोपऱ्यावरून एकदा परत येते. गाडीत बसल्यावर तर माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागतो. गणिताचे सर ह्यावरून मला फार छळायचे. पण कप्तानांनी कधी चेष्टा केली नाही. उलट त्यांचं म्हणणं असं की घाबरणं हीच खरी शूराची खूण. त्यांच्या पुस्तकातल्या नायकाला भीती वाटायची. यानाला भोक पडलं, हवा संपत आली, की चित्रकार त्याच्या कपाळावर घामाचे तीन थेंब काढायचा. तीनच. सरांनी ते मोजलेले होते. आताच्या पिक्चरातले नायक अवकाशात जाऊन विनोद करतात, त्यांना घामच येत नाही, असल्या माणसाच्या यानात मी पाऊल ठेवणार न्हाई, असं ते म्हणायचे. मला फार बरं वाटायचं. माझ्या कपाळावर तर ते तीन थेंब कायमचेच काढलेले होते.

सर मेंढपाळाच्या घरातले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे आणि शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. एका वर्षी पोखर्णीच्या जत्रेच्या दिवसांत त्यांचा मुक्काम तिथल्याच एका रानात पडला. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता आणि त्यात अवकाशाचा एक पिक्चर लागला होता. पडद्याच्या पुढं बसायचं तिकीट जास्त, पडद्याच्या मागं बसायचं कमी. सर मागं बसले. त्यांनी सगळा पिक्चर उलट्या बाजूनं बघितला, त्यामुळं नायक त्यांना डावखुरा दिसला. डाव्या हातानं तो किरणांची बंदूक काढायचा, डाव्या हातानं यान चालवायचा. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांच्या पोरानं तोच पिक्चर मोबाईलवर काढून दाखवला. नायक उजव्या हातानं गोळ्या घालत होता. सरांनी शांतपणे मोबाईल परत दिला आणि म्हणाले, ही नक्कल हाय, अस्सल मी पोखर्णीला बघितलाय. ह्या एका गोष्टीवरून ते कधीच मागं हटले नाहीत. घड्याळसुद्धा ते उजव्या मनगटावर बांधायचे, कारण कप्तानाचा डावा हात मोकळा पाहिजे.

चित्रकथांची त्यांच्याकडं एक पत्र्याची पेटी होती. ती शाळेत विज्ञानाच्या कपाटाखाली ठेवलेली असायची आणि फक्त शनिवारी उघडायची. मुलांनी हात धुऊन, पुसून, पालथे-उताणे दाखवायचे, मग पुस्तक मिळणार. पुस्तकं कसली, चिंध्या. पोत्याच्या सुतळीनं शिवलेली, पहिलं पान नाही, शेवटचं नाही. त्या काळची छपाई अशी की रंग रेषेच्या बाहेर पळालेला असायचा. नायकाचे लाल ओठ त्याच्या हनुवटीवर, राणीचा निळा झगा तिच्याशेजारी वेगळाच उभा. मला हसू यायचं. सर म्हणायचे, हसू नका मॅडम, यान लय वेगानं चाललंय, रंगाला पोचायला वेळ लागायलाय.

आणि मग त्यांच्या तरुणपणी आलेला टीव्ही. ग्रामपंचायतीत एकच टीव्ही, तो लाकडी पेटीत कुलूपबंद. रविवारी कुलूप उघडायचं आणि सगळं गाव अवकाशात जायचं. ऐन लढाईत लाईट गेली की पुढं काय झालं ते सर सांगायचे. म्हणजे ते त्यांनाही माहीत नसायचं, पण सांगायचे असं, की लाईट आल्यावर लोकांना टीव्हीतलं खोटं वाटायचं. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. मी त्यातलं निम्मं धरून चालते.

पुण्याला पोराकडं गेले तेव्हा पोरानं हौसेनं त्यांना मोठ्या थेटरात अवकाशाचा नवा पिक्चर दाखवला. परत आल्यावर आम्ही विचारलं, कसा होता? म्हणाले, काय सांगू, सगळा पडदाच काळा, कोण कुठं हाय काय कळंना, आजकाल तारेसुद्धा काढीत न्हाईत. आम्ही हसलो. म्हाताऱ्याला नवीन आवडत नाही, एवढाच आम्ही त्याचा अर्थ लावला.

त्यांची आणखी एक लकब होती. बोलताना ते तुमच्या तोंडाकडं बघायचे नाहीत. मान जरा तिरकी करून तुमच्या खांद्यावरून लांब कुठंतरी बघायचे. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर नायक असाच उभा असतो, कमरेवर हात आणि नजर कुठल्यातरी ग्रहावर. गणिताचे सर त्यांची हुबेहूब नक्कल करायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. कप्तानही हसायचे. नक्कल कशाची करतायत हे त्यांना दिसत होतं की नाही, देव जाणे.

रडारचा खेळ सुरू झाला तो एका हिवाळ्यात, धुक्यात. सकाळी समोरचं काही दिसत नव्हतं. सर म्हणाले, "रडार, समोर काय?" मी म्हणाले, बैलगाडी, डावीकडं, शंभर फूट. ते म्हणाले, शाब्बास. मला इतकी मजा वाटली की काय सांगू. जन्मभर लोकांनी माझ्या घाबरटपणाला नावं ठेवली, आणि इथं एक माणूस त्यालाच शाब्बास म्हणत होता. धुकं गेलं तरी खेळ राहिला. उसाची ट्रॉली, समोरून. सायकलवर दोघं, उजवीकडं. खड्डा, मोठा, मधोमध. कापसाचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही. मी तयार होत गेले. वर्षभरात मी अशी झाले की मागचे दोघं गप्पा मारत असायचे आणि माझं तोंड आपोआप चालू असायचं. घरी नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसले तरी मी 'कुत्रं, डावीकडून' असं ओरडायचे. तो म्हणायचा, अगं मला दिसतंय.

मला दिसतंय असं सर कधीच म्हणाले नव्हते. हे माझ्या लक्षात यायला पुढच्या वर्षीचा जानेवारी यावा लागला.

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटलेली, लख्ख ऊन, रस्ता सरळ आणि रिकामा. दोन्हीकडं वेचलेल्या कापसाच्या पळाट्या. मला चावटपणा सुचला. कप्तानांना जरा दचकवावं म्हणून मी एकदम म्हणाले, कप्तान, म्हशी! आख्खा कळप, अगदी समोर!

सरांनी करकचून ब्रेक दाबला. डब्यांची पिशवी पुढं आली, गणिताचे सर झोपेतून उठले. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. सर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मान तिरकी करून बसून राहिले. मी वाट बघत होते की आता हसतील, आता म्हणतील, मॅडम, कुठल्या ग्रहावरच्या म्हशी? मागं बाई हसायला लागल्या. सरांनी बरोबर उलटवली मॅडमवर, काय नाटक करतात, असं गणिताचे सर म्हणाले. आणि मग सरांनी, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं.

"गेल्या का?"

समोर रस्ता कोरा होता. एक कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हणाले, गेल्या सर. त्यांनी गिअर टाकला आणि आम्ही निघालो. मानवतला पोचेपर्यंत मी एकही वस्तू सांगायची सोडली नाही, झाडंसुद्धा सांगितली.

सोमवारी शाळेत मी त्यांना नळाजवळ एकटं गाठलं. तुम्हाला दिसत नाही का, असं सरळ विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब झालाय, परभणीच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, पण गेलेलं परत येणार नाही म्हणून सांगितलं. मधोमध डाग हाय, म्हणाले, रस्त्याच्या कडा दिसतात, मधलं दिसत न्हाई. माणसाकडं सरळ बघितलं की त्याचं तोंड जातं, म्हणून जरा बाजूला बघतो. दोन वर्षं होत आली होती. बायकोला माहीत नाही, पोराला माहीत नाही. धडे पाठ होते आणि वाचन ते मुलांकडून करून घ्यायचे.

मी म्हणाले, सर, मागं दोन माणसं बसतात, त्यांना घरी लेकरं आहेत. मलापण आहे. तुम्हाला लाज कशी वाटली नाही? एवढ्या मोठ्या माणसाला मी हे बोलले. ते ओल्या फरशीकडं बघत उभे राहिले.

"एकोणीस महिने राहिलेत मॅडम," ते म्हणाले. "गाडी सोडली की लोक इचारतील, कामून सोडली. मग ते शाळेपर्यंत जातंय. आन् गाडी गेली, शाळा गेली, की मी काय हाय? नुसता म्हातारा."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मला वाटलं, रडार नसेल तर ते निघणारच नाहीत. निघाले. त्या दोघांना घेऊन निघाले. मी दिवसभर मोबाईल हातात धरून बसले होते. भाजी करपली, दूध उतू गेलं, पोरीला मी विनाकारण रागावले. संध्याकाळी मराठीच्या बाईंचा फोन आला, की आज सरांनी गाडी इतकी हळू चालवली की पहिला तास बुडाला, तुमी नव्हता तर लय सुनं वाटलं बघा. त्या रात्री मला कळलं की मी अडकले आहे. मी बसले तरी भीती आणि नाही बसले तर जास्त भीती. सांगून टाकावं तर त्या माणसाचं उभं आयुष्य माझ्या एका वाक्यानं संपणार. माझ्यात ती धमक नव्हती. मी ह्याला तेव्हा दया म्हणत होते.

मग मी सौदा केला. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. सुट्टी लागली की गाडी विकायची आणि तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांना स्वतः जाऊन सांगायचं. तोपर्यंत मी पुढं बसते, पण चाळीसच्या वर काटा गेला तर मी मागच्यांना सांगेन. सरांनी शब्द दिला. त्यांच्या पुस्तकात शब्द मोडणाऱ्याला यानाबाहेर सोडून देत असत, त्यामुळं शब्दाची मला फिकीर नव्हती.

जानेवारी ते एप्रिल. ते चार महिने मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. गाडीत बसले की डोळे मिटायची चोरी, शिंक आली तरी भीती, की त्या क्षणात काय निघून जाईल. सर मात्र पहिल्यासारखेच. दस, नौ, आठ. उलट ते जास्तच खुलले होते. आता गुपित दोघांत होतं ना! मंगळावरच्या राणीची, यान चोरणाऱ्या दाढीवाल्याची, तुटलेल्या दोरीनं जहाजाला बांधून घेतलेल्या नायकाची गोष्ट सांगता सांगता मधेच ते हळूच विचारायचे, समोर? मी म्हणायचे, टेम्पो, येतोय. आणि गोष्ट पुढं चालू. मागच्या दोघांना ती दिवसातली सगळ्यात आवडती वेळ वाटायची. मला ओरडावंसं वाटायचं.

सुट्टीला अकरा दिवस राहिले होते. सकाळची शाळा सुटून आम्ही परत निघालो होतो. ऊन असं की डांबर चमकत होतं. माझा मोबाईल वाजला. सासूबाई होत्या. पोरीला ताप भरलाय, डोळे उघडंना. मी विचारलं, किती आहे ताप? थर्मामीटर लावला का? त्यांना तो वाचता येत नव्हता. शेजारणीला बोलवा म्हणाले. तेवढ्यात सरांनी विचारलं, "समोर?"

मी नजर वर केली असेल, नसेल. क्षणापूर्वी रस्ता रिकामा होता, एवढंच मला ठाऊक होतं.

"मोकळं," मी म्हणाले. आणि फोनवर सांगायला लागले की थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा.

धक्का बसला तेव्हा पट्ट्या हा शब्द माझ्या तोंडात होता. काच धुळीनं भरली. मेंढरांचं ओरडणं ऐकू आलं. बाभळीच्या आडून पाण्यावर निघालेला कळप रस्त्यावर आला होता आणि त्याला आवरायला एक बाई मधोमध उभी होती. तिनं बाजूला उडी घेतली आणि ती चरात पडली. दोन मेंढ्या गाडीखाली आल्या.

आम्ही सगळे खाली उतरलो. बाई चरातून उठली, एक हात दुसऱ्या हातानं धरून. सर तिच्याकडं जायला निघाले, पण ती जिथं होती त्याच्या चार पावलं उजवीकडं जाऊन उभे राहिले आणि मोकळ्या जागेला हात जोडून माफी मागायला लागले. ती त्यांच्याकडं बघत राहिली. पन्नाशीची असेल, कपाळावर गोंदण, चेहरा वेदनेनं आवळलेला. तिनं विचारलं, "तुला दिसंना का रं बाबा?"

सर आवाजाकडं वळले.

"न्हाई माय," ते म्हणाले. "दिसंना मला."

मागं गणिताचे सर आणि मराठीच्या बाई उभे होते. दोघांनी ऐकलं. सर तिथंच खाली बसले, चाकाखालच्या मेंढीवर त्यांनी हात फिरवला, मेंढपाळाच्या पोराचा हात तो, आणि म्हणाले, गाभण होती. एवढं बोलून ते रडायला लागले. मी माझा फोन बंद केला. तो अजून चालूच होता.

तिथून पुढं गाडी गणिताच्या सरांनी चालवली. त्या बाईला मानवतच्या दवाखान्यात नेलं, मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं. दवाखान्याच्या बाकावर गणिताचे सर तोंडाला येईल ते बोलले. आमच्या जिवाशी खेळलात, आमच्या लेकरांचा विचार केला नाही, कप्तान म्हणे. सर ऐकत होते. मग गणिताच्या सरांनी एकदम माझ्याकडं वळून विचारलं, मॅडम, तुम्ही रोज शेजारी बसता, तुम्हाला माहीत होतं का?

मी म्हणाले, "नाही."

सर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, त्यांना काय माहीत असणार, मी कुणाला कळू दिलं न्हाई. मी एकट्यानं केलं सगळं.

मी तोंडातून ब्र काढला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. सरांनी दुसऱ्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं आणि रजेचा अर्ज दिला. रजेवरूनच ते मुदतीआधी निवृत्त झाले. शिक्षकांच्या खोलीत वर्षभर तो विषय चालायचा. देवानं वाचवलं, असला माणूस कसा ओळखू आला नाही, आणि त्यावर मी मान हलवायचे, चहा प्यायचे. निरोपाला हार घालायला निम्मे लोक आले नाहीत. मी पण गेले नाही. पोरीच्या शाळेत काम आहे असं सांगितलं. काम नव्हतं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. दीड वर्षानं. कापूस बाजाराच्या मागं त्यांचं घर आहे, चार वळणं ओलांडली की माझं, आणि तरी दीड वर्षं. काकूंनी दार उघडलं, तुमची आठवण काढतात म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. सर खिडकीजवळ बसले होते. मांडीवर तसलंच एक सुतळीनं शिवलेलं पुस्तक. मी आवाज दिल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. मी विचारलं, वाचता येतं सर? म्हणाले, चौकटीच्या कडा दिसतात, मधलं पाठ हाय. आणि एका पानावर बोट ठेवून त्यांनी मला सांगितलं की इथं राणीच्या हातात नकाशा हाय. होता.

मी रस्त्यात ठरवून आले होते की गोड बोलायचं, तब्येत विचारायची आणि निघायचं. पण ते बोट बघून माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, सर, त्या दिवशी मोकळं असं मी म्हणाले होते. मी बघितलंच नव्हतं. आणि दवाखान्यात मी खोटं बोलले. सगळ्यांनी तुम्हाला एकट्याला धरलं आणि मी गप्प बसले. बोलता बोलता मला रडू फुटलं. आत काकूंचा कप वाजत होता, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी पदर तोंडावर धरला.

सरांनी पुस्तक मिटलं.

"तुमचा फोन मी ऐकत होतो मॅडम," ते म्हणाले. "तुमचं ध्यान रस्त्यावर न्हाई हे मला कळलं होतं. तरी मी गाडी उभी केली न्हाई. उभी केली असती तर मागच्यांनी इचारलं असतं, कामून थांबलात."

ते खिडकीबाहेर, माझ्या खांद्यावरून, बघत होते. मला वाटलं आता ते आणखी काही बोलतील, रागावतील, किंवा माफ केलं म्हणतील. मी दोन्हींची तयारी केली होती.

"पोरीला लय ताप होता ना त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "नंतर कुणाला इचारावं तेच कळंना मला. उतरला का?"

"उतरला सर," मी म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी उतरला."